डाव्या काठाची चीर

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. रफूची सुई. तुमच्या करंगळीएवढी लांब, मधोमध किंचित वाकलेली आणि नेढ्यापाशी पिवळट पडलेली. नेढं म्हणजे दोरा ओवायचं माझं भोक. कुठे काही फाटलं की माणसांना माझी आठवण होते, एरवी मी पत्र्याच्या डबीत बटणांच्या सोबतीने पडून असते. अशी मी एकदा समुद्रापलीकडच्या एका गावाला सहलीला गेले होते. तिथे मी एका मुलीच्या झग्यावर फार सुंदर रफू केलं, आणि त्या रफूखाली तिच्या आजीची या जगातली शेवटची खूण गडप झाली. ती खूण परत हाती लागली की नाही, ते सांगायला मी आज बसले आहे. पण आधी माझ्या मालकिणीची ओळख करून द्यायला हवी, कारण सुईचं आयुष्य म्हणजे तिला धरणाऱ्या बोटांचं आयुष्य.

माझ्या मालकिणीचं नाव मासूमा. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर आहे. तिचा नवरा इद्रीस मालवाहू जहाजावर खलाशी होता. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसं आठवत नाही. मी पोलादाची तार होते, एवढं आठवतं. कुणी मला तोडलं, कुणी घासलं, आणि एका धक्क्यात डोक्याला भोक पडलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा उजेड दिसला. पुढे कुठल्याशा परक्या बंदरातल्या दुकानात, काळ्या कागदाच्या पाकिटात आम्ही साऱ्या बहिणी ओळीने झोपलो होतो. इतर खलाशी बायकांसाठी अत्तरं घेत होते, रेशमी रुमाल घेत होते. इद्रीसने आमचं पाकीट उचललं.

मासूमा तेव्हा नवी नवरी होती. पाकीट उघडून ती हिरमुसली.

"सुया? लोकांचे नवरे सोनं आणतात."

"सोनं तू पेटीत ठेवशील," इद्रीस म्हणाला. "सुई रोज हातात धरशील."

मासूमाने तोंड वळवलं, पण तिची बोटं माझ्यावरून फिरत होती. मी तेव्हाच ओळखलं, हे घर चांगलं आहे.

त्या घरात एक रीत होती. इद्रीसच्या आईने ती मासूमाला शिकवली. घरातला पुरुष जहाजावर जायच्या आदल्या दिवशी त्याचे सगळे कपडे अंगणात पसरायचे आणि एकूण एक फाटकी जागा दुरुस्त करायची. फाटकं घेऊन दर्यावर जायचं नाही. मासूमा ओसरीवर मांडी घालून बसे. बंड्या, लुंग्या, लोकरीची टोपी, सगळं माझ्याखालून जाई. इद्रीस भिंतीला टेकून चहा पीत तिची थट्टा करी.

"जहाजावर कोण बघतंय गो माझी बंडी?"

"दर्या बघतो," मासूमा म्हणे, आणि मला पुन्हा कापडात खुपसे.

काय ते दिवस होते मित्रांनो! शेजारपाजारच्या बायका आपली फाटकी कापडं घेऊन मासूमाकडे येत. शाळेचे गणवेश, ओढण्या, एकदा तर एका नवऱ्या मुलाची शेरवानी निकाहाच्या दिवशी सकाळी खिळ्याला अडकून फाटली ती. मासूमाने केलेलं रफू उलट बाजूनेही दिसत नसे. बायका कापड उजेडात धरत, बोट फिरवत आणि म्हणत, "कुठं होतं गो फाटलेलं?" तो प्रश्न हेच माझं बक्षीस. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. एक शिडाच्या जाड कापडात मोडली, एक गादीत हरवली, एक पावसाळ्यात गंजून गेली. मी तेवढी राहिले.

मग दिवस बदलले. कपडे तयार मिळू लागले आणि फाटले की टाकले जाऊ लागले. मुलगा अक्रम कुवेतला गेला, तो सुटकेस भरून नवे कपडे घेऊन गेला. त्यात शिवण्यासारखं काही नव्हतंच. इद्रीस वारला. मासूमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मला दोरा ओवणं तिला जमेनासं झालं. डबीचं झाकण किती पावसाळे उघडलं नाही, कोण जाणे. बटणांच्या गर्दीत मी आडवी पडून राहिले. अंगावर गंजाचा एक ठिपका आला. मला वाटलं, आपलं संपलं.

पण डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि एका सकाळी झाकण उघडलं. मासूमाने मला उजेडात धरलं, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला ओवलं. ती एकटीच हसली. त्याच आठवड्यात अक्रमच्या मुलीचा, झोयाचा फोन आला. झोया पोर्तुगाल देशात, लिस्बन शहरात संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. तिने आजीला महिन्याभरासाठी बोलावलं होतं.

निघायच्या वेळी झोया फोनवरून सामान सांगत होती, मासूमा मला चिंधीत टोचत होती.

"दादी, इथे सगळं विकत मिळतं. सुई कशाला आणतेस?"

"का गो? तिकडं कापड फाटत नाय?"

"कैची तरी आणू नकोस."

"नाय आणत. दात हायत ना माझे."

अशी मी विमानात बसले. ज्या समुद्रावरून इद्रीसने मला आणलं, त्याच्या वरून मी उलटी गेले. सामानाच्या पोटात अंधार होता, पण मला खालचा दर्या कळत होता असं मला वाटतं.

लिस्बनला थोडे दिवस झाले आणि झोयाने सुट्टी काढली. "दादी, तुला एक गाव दाखवते. तीन दिवस नुसतं फिरायचं, खायचं आणि बसायचं." त्या गावाचं नाव कोइंब्रा. आगगाडीने गेलो. मासूमाने या वेळी मला स्वेटरच्या गळ्याशी टोचून ठेवलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

मित्रांनो, विद्यापीठ म्हणजे एखादी मोठी शाळा असेल अशी मासूमाची समजूत होती. इथे तर सबंध टेकडीच शाळा होती! खाली नदी, आणि नदीपासून वर चढत गेलेली घरं, गल्ल्या, पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या एका वाटेचं नावच मुळी 'पाठमोडी' अशा अर्थाचं आहे, असं झोयाने सांगितलं.

"नाव ठेवणारा खरं बोलणारा हाय," मासूमा धापा टाकत म्हणाली.

वर पोहोचलो आणि ती शेवटच्या पायरीवरच उभी राहिली. समोर दगडी फरसबंदीचं विस्तीर्ण अंगण होतं, तीन बाजूंनी पांढऱ्या इमारती, एका कोपऱ्यात घड्याळाचा उंच मनोरा, आणि चौथी बाजू उघडी. तिथून खाली नदी दिसत होती. सातशे वर्षांहून जुनं विद्यापीठ होतं ते. त्या अंगणातून काळे झगे पांघरलेली मुलंमुली जात होती. झगे खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत लोंबणारे, दाट लोकरीचे. वाऱ्याने ते फुगत, तेव्हा मला इद्रीसच्या गोष्टींतली शिडं आठवत.

"एवढी पोरं एका वेळी शिकतायत?" मासूमाने विचारलं.

"हो. आणि यांच्या आधीही, सातशे वर्षं."

मासूमा उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेली होती. तिने नुसती मान हलवली. तिचा श्वास माझ्यावर येत होता आणि तो गरम होता.

मग आम्ही जुन्या ग्रंथालयात गेलो. आत पाऊल टाकलं आणि मासूमाने झोयाचा दंड धरला. छतापर्यंत पुस्तकं. लाकडाच्या महिरपींवर सोन्याचा मुलामा. सगळं इतकं शांत की तिथे मोठ्याने बोलणं म्हणजे झोपलेल्याला उठवण्यासारखं वाटावं. झोया तिच्या कानात सांगत होती, की या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. दिवे मालवले की ती बाहेर पडतात आणि पुस्तकांना लागणारे किडे खातात. म्हणून रोज संध्याकाळी इथली माणसं टेबलांवर चामड्याची पांघरुणं घालतात आणि सकाळी झाडून घेतात.

"वटवाघळं कामाला ठेवलीयत?"

"तसंच म्हण."

"आमच्याकडची मेली नुसती चिकू खातात!" मासूमा कुजबुजली आणि तोंडावर ओढणी धरून हसली. पण बाहेर पडताना ती दारात थबकली. मागे वळून तिने ती पुस्तकं पुन्हा एकदा पाहिली आणि दुवा मागताना धरतात तसे दोन्ही तळहात वर केले. काय मागितलं ते तिने सांगितलं नाही. माझ्या छोट्याशा नेढ्यात ते सगळं सोनं एकदम मावत नव्हतं, मी ते तुकड्या-तुकड्याने बघून घेतलं.

आम्ही उतरलो होतो ते घर टेकडीच्या पोटाशी होतं. घरमालकीण दोना ग्रासिंदा वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देई. गोल चेहऱ्याची, सतत बोलणारी बाई. तिला मराठी येत नव्हतं, मासूमाला पोर्तुगीज येत नव्हतं, पण दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. जेवायला भाजलेल्या तारल्या होत्या, आपल्या कोकणातलीच मासळी. सोबत उकडलेला बटाटा, आणि त्याला तिकडेही जवळपास बटाटाच म्हणतात हे कळल्यावर मासूमाला कोण आनंद झाला. "दोन समुद्र ओलांडून आले गो, आणि ताटात तारल्या नि बटाटा!" ती म्हणाली. झोयाने ते घरमालकिणीला सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवून हसली आणि तिने आणखी दोन तारल्या वाढल्या.

तिची मुलगी इनेश विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला होती. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची, हळू बोलणारी. तिने मासूमाला जिना चढताना हात दिला होता, आणि उशीखाली आणखी एक उशी आणून ठेवली होती. तिने सांगितलं की परवा रविवारी शेवटच्या वर्षाच्या मुलांची मोठी मिरवणूक आहे, कागदी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची. आणि परीक्षा झाली की तिला दूरच्या बेटांवर नोकरी लागली आहे. अथांग समुद्रातली बेटं, इथून विमानाने जायचं.

"दर्यापार जाणार म्हण की," मासूमा म्हणाली. तिच्या आवाजातला बदल फक्त मला कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासूमाचे गुडघे बोलू लागले. झोयाला तिने एकटीला फिरायला पाठवलं. दोना ग्रासिंदा बाजारात गेली होती, इनेश कॉलेजात. घरात फक्त मासूमा आणि मी. खिडकीत छान ऊन आलं होतं आणि खिडकीशी खुर्चीच्या पाठीवर इनेशचा काळा झगा वारा लागायला टाकलेला होता.

मासूमाने हौसेने हात फिरवून लोकर बघितली. हात खालच्या काठापाशी गेला आणि थांबला. डाव्या बाजूला काठापासून वर गेलेल्या तीन चिरा होत्या. धागे लोंबत होते. उजवीकडे तर आणखी कितीतरी. सगळ्या वेड्यावाकड्या, कुत्र्याने ओढल्यासारख्या.

"अगो माझ्या बाय," मासूमा झग्याशीच बोलली, "एवढं शिकलेली पोर, दर्यापार निघाली, आणि अंगावर असलं फाटकं?"

मित्रांनो, त्या क्षणी ती कोइंब्रात नव्हती. ती ओसरीवर होती, उद्या जहाज सुटणार होतं. तिने मला गळ्यापासून काढलं. काळा दोरा ओवला. खुर्ची उन्हात ओढली. आणि आम्ही कामाला लागलो.

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी मी कापडात शिरले. जाड, ऊबदार, दाट लोकर. एक धागा वरून, एक खालून, एक वरून, एक खालून. लोंबणारे धागे कापायला कैची नव्हती, म्हणून मासूमा ते दाबून आत वळवत होती. चिरेची एक कड दुसरीला भेटत होती आणि मागे काळं सपाट कापड उरत होतं. एक चीर संपली. दुसरी संपली. तिसरी सगळ्यांत वाकडी होती, मधेच अचानक वळलेली, तिला वेळ लागला. ती संपली तेव्हा असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली होती, म्हणून उजवी बाजू उद्यावर ठेवून मासूमाने दोरा दाताने तोडला. तिने कापडावर बोट फिरवलं. काही लागलं नाही. मी सांगते, आमच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं रफू होतं.

संध्याकाळी सगळी परतली. मासूमा जिन्यापाशी खुर्ची टाकून वाट बघत बसली होती, बक्षीस समारंभाला बसल्यासारखी. इनेशने झगा उचलला. सवयीने तिचा हात डाव्या काठाकडे गेला. मग तिने काठ दोन्ही हातांनी चाचपला. पुन्हा चाचपला. तिचा चेहरा पांढरा पडला.

मासूमा झोयाकडे बघून खुलून म्हणाली, "सांग तिला, शोधून दाखव म्हणावं! नुसता टाका नाय हां, रफू हाय."

इनेश हळूच काहीतरी बोलली. दोना ग्रासिंदाच्या हातातली पिशवी खाली आली आणि तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. झोयाने दोघींना काही विचारलं, ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले.

"दादी, तू हे का शिवलंस?"

"का म्हणजे? फाटलं होतं."

"फाटलं नव्हतं. फाडलं होतं."

"कोणी? त्याचे हात मोडले ते!"

"दादी, ऐक. इथली रीत आहे. शिक्षण संपत आलं की जवळची माणसं झगा फाडतात. दातांनी, हातांनी. घरच्यांनी डावीकडे फाडायचं, मित्रांनी उजवीकडे. ती त्यांची आठवण असते. आयुष्यभर ठेवतात. नातं तुटलं तरच ती चीर शिवतात."

मासूमाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, उतरायला वेळ लागला त्याला.

"म्हणजे मी... घरच्यांशी नातं तुटल्यागत..."

"तुला काय माहीत असणार," झोया घाईने म्हणाली. "आईबाबा आहेत, ते परत फाडतील. पण तिसरी चीर तिच्या आजीची होती. वर्षाअखेरपर्यंत टिकायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून हिने झगा आधीच दवाखान्यात नेला. आजीने खाटेवर बसून दाताने फाडली. तिच्यात जोर नव्हता. तीनदा चावली तेव्हा फाटलं, आणि मधेच दात घसरला म्हणून ती वाकडी गेली. दोघी खूप हसल्या होत्या. नाताळच्या आत ती वारली."

मला माझं टोक बोचत होतं. ज्या वळणावर मला वेळ लागला होता, ते वळण त्या म्हाताऱ्या बाईच्या घसरलेल्या दाताचं होतं आणि मी ते सपाट करून टाकलं होतं. आयुष्यभर मी 'कुठं होतं फाटलेलं' या प्रश्नासाठी जगले. आता एक मुलगी तेच शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं.

मासूमा उठली. "तिला सांग, मी उसवून देतंय. आत्ता."

झोयाने सांगितलं. इनेशने झगा छातीशी धरला आणि मान हलवली. ती रागावली नव्हती, मित्रांनो. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, की आता कुणी हात लावायला नको, उसवताना दुसरीकडे फाटलं तर ती आजीची चीर राहणार नाही. असू दे. आणि झगा घेऊन ती वर गेली.

त्या संध्याकाळी मासूमा जेवली नाही. दोना ग्रासिंदाने तिच्यासाठी भाताची खीर केली, वर दालचिनीने नक्षी काढली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मासूमाने वाटी हातात धरून ठेवली, बस.

रविवारी सकाळी ऊन खिडकीत यायच्या आधीच ती खुर्चीत जाऊन बसली होती. इनेश चहा प्यायला खाली आली. मासूमाने झोयाला हाक मारली.

"सांग तिला. मी हुशारी मारत नाय. पण जे शिवलंय ते माझ्या हातानं शिवलंय. मी एक पण धागा कापला नाय, सगळे आत वळवलेत. तिच्या आजीचं सगळं आतच हाय. काढायचं की नाय ते तिनं सांगायचं. नाय म्हणाली तर मी हात लावणार नाय."

झोया सांगत असताना इनेश मासूमाच्या हातांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती वर गेली आणि झगा घेऊन आली. मासूमाच्या मांडीवर ठेवला आणि समोर जमिनीवरच बसली, डोळे काठावर लावून.

मासूमाने मला दोऱ्याशिवायच कामाला लावलं. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिने डोळे जवळ आणले, दूर नेले. रफू इतकं बारीक होतं की तिलाच त्याची सुरुवात सापडेना! तिने कापड वाकवलं, उलटं केलं, उजेडात धरलं. मिरवणूक दुपारी निघायची होती. दोना ग्रासिंदा दारात उभी राहून हातातला फडका पिळत होती, कोरडाच.

मी काही बोलू शकत नाही. पण मी जिथून जाते ती वाट मला ठाऊक असते. मासूमाने डोळे मिटले आणि माझं टोक कापडावरून हलकेच फिरवलं, आंधळा माणूस काठी फिरवतो तसं. एका जागी मी अडले. लोकरीत कापसाचा दोरा होता तो. "गावली!" मासूमा म्हणाली.

तिने मला त्या दोऱ्याखाली घातलं आणि उचललं. एक टाका सुटला. मग दुसरा. ओढायचं नाही, फक्त उचलायचं; लोकरीच्या धाग्याला धक्का लागू द्यायचा नाही. शिवताना जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट लागला असेल. आत वळवलेले धागे एकेक करून बाहेर आले, झोपेतून उठल्यासारखे विस्कटलेले. चीर काठापासून वर उघडत गेली, सरळ, सरळ, आणि मग एकदम ते वळण. वेडंवाकडं, दात घसरल्याचं, जसंच्या तसं.

इनेशने त्या वळणात बोट घातलं आणि तिथेच डोकं टेकून रडू लागली. मासूमाची बोटं तिच्या केसांत होती आणि मी अजून त्या बोटांत होते, म्हणून मला माझं टोक बाहेर वळवून धरता आलं असतं तर किती बरं, एवढाच विचार मी करत होते.

दुसऱ्या दोन चिरांकडे मासूमा वळली तेव्हा दोना ग्रासिंदा धावत आली. "माझी उसवू नकोस म्हणावं! मी परत फाडते. मागच्या वेळी घाईत नीट फाडलीच नव्हती!" आणि तिने खरंच काठ दातात धरला आणि टर्र करून ओढला. इनेश रडता रडता हसली. बापाची चीर मात्र मासूमाने उसवली, कारण तो गाडी सजवायला गेला होता.

"आणि पाठीवर मधे काय नाय?" मासूमाने विचारलं.

"मधली जागा प्रेमाच्या माणसाची असते," झोया म्हणाली. "तिचं अजून कोणी नाही."

"बरं हाय. तेवढंच कापड शाबूत."

सगळ्या हसल्या. मग मासूमाने आजीची चीर पुन्हा हातात घेतली. तिचं वरचं टोक तिने निरखून पाहिलं. काल शिवताना तिच्या ते लक्षात आलं होतं, पण काल तिने कुणाला विचारलं नव्हतं.

"झोया, तिला विचार. ही चीर वर सरकतेय. आजीनं फाडली ती इथपर्यंत, पुढचं आपलं आपण फाटलंय. अशीच वापरत राहिली तर एक दिवस खांद्यापर्यंत जाईल, आणि मग आजीची कुठली नि वाऱ्याची कुठली ते कळायचं नाय. वरच्या टोकाला एक टाका घालू काय? बंद नाय करत. फक्त थांबवते. नको असेल तर नको."

इनेशने आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. रीत अशा वेळी काय सांगते ते तिलाही माहीत नव्हतं. इनेशने चिरेचं टोक बोटाने चाचपलं. मग ती मासूमाच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि हो म्हणाली. ते समजायला झोयाची गरज पडली नाही.

मासूमाने दोरा ओवला. मी एकदा आत गेले, एकदा बाहेर आले आणि एक गाठ बसली. एवढंच. माझ्या साऱ्या आयुष्यातलं सगळ्यांत लहान काम ते.

दुपारी आम्ही खालच्या रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मित्रांनो, ते दृश्य मी कसं सांगू! टेकडीवरून कागदी फुलांच्या गाड्या उतरत होत्या, पिवळ्या, निळ्या, लाल. त्यांच्या पुढेमागे हजारो काळे झगे. गाणी, आरोळ्या, ढोल. म्हातारी माणसं खिडक्यांतून रुमाल हलवत होती, आणि त्यांतल्या कित्येकांच्या खांद्यावर स्वतःचे जुने काळे झगे होते, तरुणपणीचे, चिरांसकट. आणि आता मला दिसलं, की त्या गर्दीत एकही झगा अखंड नव्हता. सगळे काठ फाटलेले, सगळे वाऱ्यावर फडफडणारे. प्रत्येक चीर कुणाची तरी होती. मी सुई आहे. एवढी फाटलेली कापडं एकत्र पाहून माझा जीव कासावीस व्हायला हवा होता. पण मी थक्क होऊन बघत राहिले. इनेश आमच्यासमोरून गेली तेव्हा तिने डावा काठ उचलून मासूमाला दाखवला. मासूमाने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

सहल संपली, महिना संपला, आम्ही मिरकरवाड्याला परतलो. माझ्या अंगावरचा गंजाचा ठिपका त्या जाड लोकरीने घासून निघाला आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण डबीत पडलेली असेल. तिला कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून कापडातून ओढा. वापरातल्या सुईला गंज धरत नाही. आणि दुसऱ्याचं फाटलेलं काही दिसलं, तर शिवायच्या आधी त्याला विचारा. काही ठिकाणी सबंध रफू लागतं, काही ठिकाणी एकच टाका पुरतो, आणि काही ठिकाणी नुसता हात फिरवून सोडून द्यायचं असतं. बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही.

अलीकडे पुन्हा शेजारच्या बायका मासूमाकडे येऊ लागल्या आहेत. परवा बंदरावर बर्फ फोडणाऱ्या सखारामची बायको त्याचा बाहीला फाटलेला शर्ट घेऊन आली. मासूमाने दोरा ओवला, शर्ट मांडीवर पसरला आणि विचारलं, "हे कसं फाटलं गो?"

"आता कसं म्हणजे!" ती बाई आधी हसली. मग पदर सावरून खाली बसली आणि सांगू लागली. मासूमा ऐकते आहे. मी तिच्या चिमटीत आहे, नेढ्यात दोरा घेऊन, आणि त्या बाईचं सांगून होईपर्यंत थांबले आहे.